ॲसिडची बाटली उघडण्याआधी

जुनी लादी वयाने खराब होते, हा समज सर्वांत आधी सोडून द्यायला हवा. गिरगावातल्या चाळीत, दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतीत किंवा पुण्याच्या पेठेतल्या घरात पन्नास-साठ वर्षांची फरशी निस्तेज, खरखरीत, डागाळलेली दिसते तेव्हा तिला पावलांनी क्वचितच इतकं झिजवलेलं असतं. पुष्कळदा ती सफाईने झिजलेली असते. दर दिवाळीला तिच्यावर ओतलेलं ॲसिड, तारेच्या ब्रशने केलेली घासाघीस, मागच्या भाडेकरूने मारलेलं व्हार्निश, एवढं सगळं तिने सोसलेलं असतं. म्हणूनच ती उखडून टाकण्याआधी, आणि साफ करायला घेण्याआधीही, ती कशाची बनली आहे हे पाहायला हवं.

कारण दिसायला सारख्या वाटणाऱ्या लाद्या जातीने अगदी वेगळ्या असतात. जुन्या घरांतली रंगीत नक्षीची लादी भट्टीत भाजलेली आहे असं बहुतेक जण धरून चालतात. ती भाजलेली नसते. धातूच्या साच्यात नक्षीची चौकट ठेवून तिच्या कप्प्याकप्प्यात रंगीत सिमेंट ओततात, वर सिमेंट-वाळूचा कोरडा थर देतात, प्रेसखाली दाबतात आणि मग लादी पाण्यात मुरवतात. स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ साली सिधवा कुटुंबाने सुरू केलेल्या ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ने अशा लाद्या घरोघरी पोहोचवल्या, तोवर त्या परदेशातून येत. याउलट भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या इंग्लंडहून आणलेल्या मिंटन लाद्या नक्षीने त्यांच्या बहिणी वाटल्या तरी त्या भाजलेल्या मातीच्या आहेत. मोझॅकमध्ये सिमेंटात संगमरवराचे तुकडे बसवून वरून घासलेलं असतं. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तर सरळ चुनखडीचे दगड. बाथरूमच्या भिंतीवरची चकचकीत पांढरी टाइल म्हणजे भाजलेली माती आणि तिच्यावर काचेसारखा पातळ थर.

ओळखायला फार लागत नाही. उंबऱ्याशी किंवा तुटलेल्या कडेशी लादीची जाडी दिसते. सिमेंटची लादी साधारण पाऊण इंच जाड आणि आतून करडी असते. भिंतीची टाइल त्याच्या निम्म्याहून कमी जाड आणि आतून विटकरी किंवा पांढरट असते. तरीही शंका असेल तर कपाटाखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा. बारीक बुडबुडे आले तर लादीत चुना आहे. थेंब लगेच पुसून पाण्याने धुवावा, कारण तेवढ्या वेळातही तिथला तुकतुकीतपणा जातो.

आता त्या बाटलीकडे येऊ. ‘ॲसिडने लादी नव्यासारखी होते’ हा समज इतका रुजला आहे की नवीन घरात सामान लावण्याआधी ॲसिड मारून घेणं हा जणू विधीच झाला आहे. बाजारात साध्या बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. संडास साफ करायच्या द्रवांतही बहुधा तेच कमी प्रमाणात असतं. सिमेंट, संगमरवर, शहाबादी या सगळ्यांत कॅल्शिअमचे क्षार आहेत. ॲसिड पडलं की कॅल्शिअम कार्बोनेट विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर पडतो. तो फेस पाहून ‘बघा, मळ निघतोय’ असं म्हटलं जातं, पण तेव्हा लादीच निघत असते. मळासकट वरचा पातळ थर गेल्यामुळे लादी दोन दिवस उजळ दिसते हे खरं. पण खाली उरलेला पृष्ठभाग खडबडीत आणि सच्छिद्र झालेला असतो, त्यामुळे पुढचा मळ पूर्वीपेक्षा लवकर आणि खोलवर बसतो. मग पुन्हा ॲसिड. नक्षीच्या लादीचा रंगीत थर मुळात काही मिलिमीटरचा. अशा काही दिवाळ्यांत नक्षी फिकी पडते आणि ती परत आणायला कोणतंही रसायन नाही.

‘मग लिंबू, व्हिनेगर वापरावं, ते घरगुती आहे, त्याने काय होणार?’ हा त्याच समजाचा सौम्य चेहरा. आम्ल ते आम्लच. ते दुबळं असेल तर तेच काम सावकाश करतं. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापल्यावर जो पांढुरका डाग राहतो तो डाग नसून दगडाची खरवडलेली कातडी असते, म्हणून तो कितीही घासला तरी जात नाही. बोअरच्या पाण्याने चकचकीत टाइलवर बसलेले पांढरे क्षार मात्र पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने छान निघतात, कारण काचेच्या थराला ते काही करत नाही. तिथेही आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत, म्हणजे ते आम्ल पिणार नाहीत, आणि दोन-चार मिनिटांत सगळं धुऊन टाकावं.

एक गोष्ट इथे जोर देऊन सांगायलाच हवी. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केले की सफाई दुप्पट होते, असं समजून काही जण संडासात एकावर एक ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. बंद बाथरूममध्ये त्याचं थोडं प्रमाणही फुप्फुसं भाजून काढतं. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच कधीच मिसळू नये.

मग जुनी सिमेंटची किंवा मोझॅकची लादी साफ करायची कशाने? कोमट पाणी, सौम्य साबणाचे थेंब, नायलॉनचा ब्रश आणि थांबण्याची तयारी. साबणाचं पाणी दहा मिनिटं लादीवर राहू द्यावं, घासावं, आणि मळकं पाणी वाळण्याआधी कापडाने उचलावं. हे शेवटचं काम निम्मे लोक गाळतात, आणि मग वाळलेला साबणच मळ धरून ठेवतो. स्वयंपाकघरात तेलाचा जुना चिकटा असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून वापरावा, हातमोजे घालावेत. तारेचा ब्रश किंवा स्टीलची घासणी मात्र नको. तिचे बारीक कण छिद्रांत अडकतात, गंजतात, आणि आठवड्याभराने लादीवर तांबूस ठिपके उगवतात. खोल मुरलेल्या तेलाच्या डागावर खडूची पूड किंवा मुलतानी माती सोड्याच्या पाण्यात कालवून जाडसर लेप द्यावा, वर प्लास्टिक टाकून रात्रभर ठेवावं, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो तेल वर ओढतो. एकदा करून भागत नाही, पण दर वेळी डाग फिकट होतो.

पॉलिशबद्दलही गोंधळ आहे. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी लावणं, असं वाटून दुकानातून चकाकीचा डबा आणला जातो. असा थर पुढे पिवळा पडतो, येण्याजाण्याच्या वाटेवर सोलवटतो आणि खालची ओल अडवतो. मोझॅकची खरी चकाकी घासण्यातून येते. मशिनला कार्बोरंडमचे दगड लावून पाणी सोडत आधी जाड, मग बारीक असं घासत जातात. नव्या फरशीसाठी ६०, १२० आणि ३२० नंबरचा क्रम रूढ आहे. जुनी फरशी सपाट असेल तर ६० नंबरपासून सुरुवात करायची गरज नसते, आणि पॉलिशवाल्याला हे काम सुरू होण्याआधी सांगावं, कारण जाड दगडाने काम भराभर उरकतं पण लादीचा वरचा थरही तितक्याच भराभर जातो. मधल्या टप्प्यावर बारीक भोकं त्याच रंगाच्या सिमेंटने भरून दोन-तीन दिवस ओली ठेवावी लागतात. मोझॅकला हे दोन-तीनदा झेपतं; नक्षीच्या लादीला मात्र फक्त अगदी बारीक दगड, तोही हलक्या हाताने. घासताना निघणारा पांढरा चिखल मोरीत ओतू देऊ नये. तो पाइपात घट्ट होतो आणि मग मोरी तुंबण्याचं खापर फरशीवर फुटतं. चकचकीत टाइलला तर पॉलिश नसतंच. तिचा काचेचा थर चरला किंवा त्याला केसासारख्या भेगा पडल्या की तो भरून येत नाही.

सांध्यांभोवतीचे गैरसमज याहून खर्चिक. पहिला म्हणजे व्हाइट सिमेंट आणि ग्राउट एकच. नुसतं व्हाइट सिमेंट पाण्यात कालवून सांध्यात भरलं तर ते वाळताना आकसतं, त्याला चिरा पडतात आणि भुकटी होऊन ते निघू लागतं. तयार ग्राउटमध्ये बारीक वाळू किंवा भुकटी आणि पॉलिमर असतात. ते टाइलची कड धरून ठेवतात. दुसरा समज असा की जुन्या सांध्यावरूनच नवं ग्राउट फिरवलं की झालं. पापुद्र्याएवढा थर मळक्या, साबण प्यायलेल्या पृष्ठभागावर टिकत नाही. जुनं ग्राउट सांध्याच्या निदान निम्म्याहून जास्त खोलीपर्यंत खरवडावं लागतं. हे काम घरी करता येतं. हाताचा ग्राउट रेक किंवा अरुंद सांध्यात करवतीच्या पात्याचा तुकडा पुरतो. सांधे ओले ठेवूनच खरवडावं आणि एन-९५ मास्क लावावा, कारण त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की तिथेच राहते.

मग सांधे धुऊन, भरण्याआधी किंचित दमट करून घ्यावेत. ग्राउटमध्ये पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच. पातळ केलं तर भरायला सोपं जातं, पण वाळल्यावर कमजोर आणि डागडागाळ होतं. रबरी फ्लोटने सांध्याला तिरकं दाबत भरावं, सरळ रेषेत ओढलं तर फ्लोट भरलेलं उकरतो. वीसेक मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसावं. हातमोजे इथेही हवेत. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं आणि कातडी भाजतं, जळजळ मात्र तासांनी जाणवते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नये. दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, तिथे ते तडकणारच. तिथे सिलिकॉन सीलंट लागतं. जुन्या नक्षीच्या लाद्या तर जवळजवळ एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात. त्यांचे सांधे ग्राइंडरने रुंद करायला सांगणाऱ्या गवंड्याला सरळ नको म्हणावं. कडा टवकल्या की नक्षी जुळत नाही.

‘इपॉक्सी ग्राउट मारा, गळती थांबेल’ हे वाक्य सोसायट्यांच्या सभेत हमखास ऐकू येतं. इपॉक्सी डाग धरत नाही आणि पाणी पीत नाही, स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये ते उत्तमच. पण गळती अडवायचं काम टाइल आणि ग्राउट यांचं नाही, त्यांच्या खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं आहे. खालच्या मजल्याच्या छतावर ओल आली तर आधी पाहावं: ओल सतत वाढते की अंघोळीनंतर? सतत असेल तर दाबाची पाण्याची लाइन तपासावी. फक्त वापरानंतर असेल तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा जमीन. ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये रंगीत पाणी चोवीस तास साठवून ठेवलं की जमिनीचा प्रश्न निकालात निघतो. हे न करता सांधे भरत बसलेल्या घरात दोन शेजाऱ्यांचं भांडण वर्षानुवर्षं चालतं.

सांध्यांवरचा काळेपणा बुरशीचा असेल तर ब्लीचने तिचा रंग जातो, ओल तशीच राहते, म्हणून ती महिन्याभरात परतते. अंघोळीनंतर वायपर फिरवणं, खिडकी उघडी ठेवणं किंवा एक्झॉस्ट पंखा चालवणं याचा परिणाम कोणत्याही बाटलीहून टिकाऊ असतो.

तळमजल्यावरच्या घरात लादीवर पांढरी भुकटी येते, लोणा लागतो. तो मळ समजून धुतला जातो, आणि धुतल्याने वाढतो. जमिनीतली ओल क्षार घेऊन वर येते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तो कोरड्या ब्रशने झाडावा आणि ओल कुठून येते ते शोधावं: बाहेरच्या अंगाला तुंबलेलं गटार, चौथऱ्याला टेकलेली माती, फुटका पाइप. वरून सीलर मारणं हा सर्वांत वाईट उपाय. मग क्षार लादीच्या आत स्फटिक धरतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा उचलतात.

लाकडी दांड्याने ठोकल्यावर लादी पोकळ वाजली म्हणजे ती काढायलाच हवी असंही नाही. हलत नसेल, कडा तुटत नसतील तर ती अजून बरीच वर्षं राहू शकते. तुटलेली लादी मात्र बदलावी. पाडलेल्या इमारतींचं सामान विकणाऱ्यांकडे जुन्या नक्षीच्या लाद्या मिळतात, आणि साच्यातून नमुन्याबरहुकूम नव्याही करून मिळतात. नवी लादी जुन्यांमध्ये उठून दिसते, म्हणून कपाटाखालची जुनी लादी काळजीपूर्वक सोडवून ती समोर बसवावी आणि नवी कपाटाखाली जाऊ द्यावी.