हत्यारावरची चिठ्ठी

प्रयोगशाळेच्या कपाटात दोन सारख्याच बाटल्या आहेत. एकीत पाणी, दुसरीत तीव्र सल्फ्युरिक आम्ल. जुन्या प्रयोगशाळा-सहायकाला कोणती बाटली कोणती हे चिठ्ठी न वाचताही ठाऊक असते. नवख्या विद्यार्थ्याला मात्र चिठ्ठीवाचून दुसरा आधार नसतो. विद्यार्थी मित्रहो, आजच्या संगणकविश्वात असा एक कायमचा नवखा कामकरी आला आहे. त्याचे नाव एआय एजंट.

एजंट काम कसे करतो?

एजंटच्या मुळाशी भाषेचे एक मॉडेल असते. त्याला मुख्यतः मजकूर वाचता व लिहिता येतो. म्हणून त्याच्या हाती काही साधने दिली जातात. प्रत्येक साधनाला एक नाव असते, त्याचे वर्णन असते आणि भरायचा एक लहानसा तक्ता असतो. मॉडेल वर्णन वाचते, योग्य वाटेल ते साधन निवडते आणि तक्ता भरून देते. प्रत्यक्ष कृती दुसराच प्रोग्रॅम करतो. साधनाच्या आत काय दडले आहे हे मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन म्हणजेच साधन!

आता असे साधन घ्या, की जे क्लाउडमधील, म्हणजे इंटरनेटवरून वापरल्या जाणाऱ्या दूरच्या संगणकांवरील, डेटाबेस पुसून टाकते. डेटाबेस म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरसारखा नोंदींचा व्यवस्थित संग्रह. मेण वितळले तर पुन्हा गोठवता येते. कागद जळाला तर राखेतून कागद मिळत नाही. दुसरी प्रत नसेल, तर डेटाबेस पुसणे हा कागद जळण्यासारखा अपरिवर्तनीय बदल आहे.

चिठ्ठीवर काय लिहावे?

समजा, वर्णनात एवढेच लिहिले : 'डेटाबेस साफ करतो.' मालकाने 'जुन्या नोंदी साफ कर' असे सांगताच एजंट हेच साधन उचलण्याचा धोका आहे. म्हणून असे लिहावे : 'दिलेल्या नावाचा संपूर्ण डेटाबेस, सर्व तक्त्यांसह, कायमचा पुसतो. ही क्रिया उलटवता येत नाही. काही नोंदी किंवा एखादा तक्ता काढण्यासाठी वापरू नये. मालकाने याच डेटाबेसचे नाव घेऊन सांगितले असेल तरच वापरावे.' काय होईल, काय परत मिळणार नाही आणि केव्हा वापरू नये, हे तिन्ही त्यात आले.

साधने एजंटला जोडण्याची 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केली. तिच्यात पुढे साधनांवर खुणा लावण्याची सोय झाली : हे केवळ वाचणारे आहे काय? विध्वंसक आहे काय? या खुणांचा नियम मोठा मार्मिक आहे. काहीच लिहिले नसेल, तर साधन विध्वंसक आहे असेच मानावे. चिठ्ठी नसलेल्या बाटलीत आम्ल आहे असे समजण्यासारखेच हे झाले.

चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे

मग उत्तम चिठ्ठी लिहिली की काम संपले का? नाही. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन हे रेप्लिट या कंपनीचा एजंट वापरून प्रोग्रॅम तयार करीत होते. काहीही बदलू नकोस अशी सूचना दिलेली असतानाही एजंटने चालू डेटाबेस पुसला. त्यात 1,200 हून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. त्या परत आणता येणार नाहीत असे एजंटने सांगितले. पण तेही चुकीचे ठरले आणि नोंदी परत मिळाल्या. पुढे कंपनीने चाचणीचा आणि चालू कामाचा डेटाबेस वेगळा ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली.

अशी चूक माणसाकडूनही होते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीतील अभियंत्याने दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. राखीव प्रती घेण्याच्या नेहमीच्या पद्धती ऐन वेळी निकामी निघाल्या. सुमारे 6 तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून बाकीचे वाचले.

तेव्हा चिठ्ठीबरोबर कुलपेही हवीत. एजंटला शक्यतो फक्त वाचण्याचाच अधिकार द्यावा. पुसण्यापूर्वी माणसाची संमती घ्यावी. अनेक क्लाउड सेवांमध्ये 'डिलीशन प्रोटेक्शन' नावाची कळ असते. ती चालू असेपर्यंत डेटाबेस पुसण्याची आज्ञा नाकारली जाते. राखीव प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि ती खरोखर उघडते का, हे अधूनमधून तपासावे. शब्द समजुतीसाठी असतात. अडवण्याचे काम कुलपाचे.

शिक्षकांना वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. फळ्यावर डावीकडे गृहपाठ आणि उजवीकडे जुनी आकृती काढा. एका विद्यार्थ्याने फक्त आकृती पुसण्याची सूचना कागदावर लिहावी. बाहेर थांबलेल्या दुसऱ्याने आत येऊन, एकही प्रश्न न विचारता, केवळ कागद वाचून ती पाळावी. गृहपाठ शिल्लक राहिला का ते पाहा आणि नसेल, तर सूचनेतला कोणता शब्द कमी पडला ते शोधा.