खरखरत्या टेपमधलं तरुणपण

घरातलं कुणी एखादं जुनं, खरखरतं रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा ऐकत बसलं, की आपल्याला नवल वाटतं. तीच गाणी स्वच्छ आवाजात मिळत असताना हे काय वेड? गायकाचे शब्द कळत नाहीत, मधेच लोक ओरडतात, कुणी मोठ्यानं हसतं! पण मैत्रिणींनो, ह्या वेडातही थोडा शहाणपणा असतो बरं का. अमेरिकेतल्या ‘आर. ई. एम.’ ह्या बँडची हकिकत ऐकलीत, तर तुम्हालाही ते पटेल.

जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथं ओकोनी रस्त्यावर एक जुनं चर्च होतं. प्रार्थना केव्हाच बंद झालेली. आत काही तरुण मंडळी भाड्यानं राहत. त्यांतल्याच एका मुलीचा वाढदिवस ५ एप्रिल १९८० ला साजरा झाला आणि त्या मेजवानीत चार पोरं वाजवायला उभी राहिली. मायकेल स्टाइप गायला, पीटर बकनं गिटार, माइक मिल्सनं बेस गिटार आणि बिल बेरीनं ड्रम वाजवले. पीटर रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला, बाकीचे तिघे विद्यार्थी. बँडला तोवर नावसुद्धा नव्हतं! ते नंतर शब्दकोश चाळून काढलं. थोडी दुसऱ्यांची गाणी, थोडी स्वतःची, असा सगळा घरगुती मामला.

त्या गावाची रीतच तशी होती. ‘बी फिफ्टी टूज’ हा नामांकित बँडही १९७७ मध्ये तिथल्याच एका घरगुती मेजवानीत प्रथम वाजला. तिथल्या ‘फॉर्टी वॉट’ क्लबाला तर नाव पडलं ते खोलीत टांगलेल्या चाळीस वॉटच्या दिव्यावरून.

पुढची दोनतीन वर्षं हे चौघे एका व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव हिंडले. लहान बार, पिझ्झाची दुकानं, जिथं बोलावतील तिथं वाजवायचं. १९८३ मध्ये ‘मर्मर’ हा त्यांचा पहिला मोठा संग्रह आला आणि ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं तो त्या वर्षातला सर्वोत्तम ठरवला. १९९१ मध्ये ‘लूझिंग माय रिलिजन’ गाण्यानं तर त्यांना जगभर पोचवलं. मग मोठमोठी स्टेडियमं आली.

तरीही जुन्या चाहत्यांचा जीव अडकला तो त्या लहान खोल्यांत. असं का? तिथं गाणारे आणि ऐकणारे हातभर अंतरावर होते. वाजवणं घाईचं, चुका उघड, आणि स्टाइप शब्द असे पुटपुटायचा की ज्यानं त्यानं आपल्या मनाचा अर्थ लावावा. कितीतरी सुरुवातीची गाणी त्यांनी पुढं सोडूनच दिली. ती राहिली असतील, तर ऐकायला गेलेल्या कुणी करून घेतलेल्या टेपवरच. ह्या टेपांच्या नकला चाहते एकमेकांना टपालानं पाठवत. पुढं कंपनीलाही ह्या जुन्या मैफलींचं मोल कळलं. टोरांटोच्या एका लहानशा क्लबात ९ जुलै १९८३ ला झालेला कार्यक्रम २००८ मध्ये ‘मर्मर’च्या नव्या आवृत्तीसोबत रीतसर बाजारात आला.

बिल बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला. २०११ मध्ये बाकीच्या तिघांनीही भांडणतंटा न करता बँड थांबवला. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सन्मान समारंभात चौघे पुन्हा एकत्र वाजले, तेही एकच गाणं! ते चर्च तर १९९० मध्येच पाडलं आणि तिथं घरं झाली. उरला फक्त मनोरा. लांबलांबून येणारे चाहते आजही त्याच्यापाशी जाऊन उभे राहतात.

हा मनोरा पुढं ज्या संस्थेकडे आला, तिची गोष्ट आईच्या काळजाला भिडणारी आहे. १९९६ मध्ये एका आईनं आपला वादक मुलगा नैराश्यापायी गमावला. तिनं दुःख कवटाळून न बसता त्याच्या नावानं ‘नूचीज स्पेस’ उभी केली. वादकांना तिथं सरावाला जागा मिळते आणि मनाच्या दुखण्यावर उपचार मिळवून द्यायला मदतही होते. सुरुवातीच्या त्या रात्रींची आठवण आज अशा हातांत आहे.

तेव्हा घरातलं कुणी असं जुनं काही ऐकत असेल, तर “बंद कर ती खरखर” म्हणण्याआधी घटकाभर शेजारी बसा. “तेव्हा तू कुठं होतास?” एवढंच विचारा. बघा, किती बोलायला लागतो माणूस!

आणि हो, तुमच्याही माळ्यावर एखादी कॅसेट असेलच. भोंडल्याची, आजीच्या ओव्यांची, नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगमधली. ती भंगारात देऊ नका. पावसाळी ओलीपासून जपा, स्पीकरपासून दूर आणि उभी ठेवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर तशीच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. जाणकाराकडून साफ करून नक्कल करून घ्या, आणि कव्हरवर गाणाऱ्यांची नावं आणि साल लिहा. आवाज कितीही खरखरता असो, ती माणसं पुन्हा तशी एकत्र बसून गाणार नसतात.