बैलाचा पाय मोडला तर

संकटातून सावरण्याची ताकद काही मुले जन्मतःच घेऊन येतात, हा समज जुना आहे. तो अपुरा असल्याचे दाखवले ते हवाईमधल्या कवाई बेटावरच्या अभ्यासाने. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा माग एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक दशके ठेवला. गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांची आजारपणे असे अनेक धोके एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश तरीही धडपणे मोठी झाली. त्यांच्या लहानपणी आई, आजी, मावशी असे कुणीतरी एक हक्काचे माणूस त्यांच्या पाठीशी होते, ही त्यातली ठळक नोंद.

अमरावतीलगतच्या भातकुली तालुक्याला धोके नवे नाहीत. तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी खारट, ओलिताचा भरवसा नाही. कापूस, तूर, सोयाबीन सगळे पावसाच्या हवाली. पावसाने दडी मारली की घरातला ताण मुलापर्यंत पोचतो. कर्ज म्हणजे काय ते त्याला कळत नाही, पण बापाचा चढलेला आवाज कळतो. पाच-सहा वर्षांच्या आतले मूल अशा वेळी एकट्याने सहज शांत होऊ शकत नाही. आधी मोठ्यांच्या आधाराने आणि मग हळूहळू स्वतःहून ते निवळायला शिकते.

ही शिकवण द्यायला वेगळी शाळा लागत नाही. पोळ्याच्या आधी अंगणात मातीचे बैल करायला बसलेले मायलेक पाहावेत. वऱ्हाडातली काळी माती या कामात भलतीच कडक मास्तर आहे: ओली असताना हाताला चिकटते, वाळताना आक्रसून तडकते. गाऱ्यात पिंजलेला कापूस मळला आणि पायात पऱ्हाटीची काडी खोचली, तर तडे कमी जातात. तरीही पाय गळतो आणि मूल भोकाड पसरते. आईने झटकन नवा पाय लावून दिला तर बैल उभा राहतो, मूल मात्र जिथल्या तिथे. ‘काहून तुटला रे पाय?’ एवढेच विचारून ती शेजारी बसून राहिली, तर माती पातळ झाली होती हे त्याचे त्यालाच उमगते. रडण्यातून परत कामाला लागेपर्यंतची ती चार मिनिटे फार मोलाची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडी बैल मिरवतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. हल्ली सजावटीच्या स्पर्धा असतात; तेव्हा रात्र जागून बैल बापच सजवतो आणि लेकराच्या हाती नुसती दोरी उरते. बक्षीस मिळते, पण ते बापाला.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या उत्सवात मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. आई आणि लेक ती गुपचूप तयार करतात. मग डबा वाजवून, वास घेऊन बाकीच्या दहा चुकीची नावे घेतात. चुकल्यावर हसू होते, अपमान होत नाही. हरणे सोसायची ही सवय पुढे उपयोगी पडते.

हाताने केलेल्या कामातून मूल घडते, हा विचार महाराष्ट्रात रुजवणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत होत्या. पुढे त्यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे गावच्या, आदिवासी पाड्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेल्या, अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणही आहे. प्रत्यक्षात वजनकाटा आणि पोषण आहार यांतच अंगणवाडीताईचा बराच वेळ जातो, हे खरे.

खेळाने कर्ज फिटत नाही की विहीर गोडी होत नाही. आठवडेच्या आठवडे मूल गप्प राहिले, जेवेनासे झाले, झोपेत दचकून उठू लागले, तर मातीचा बैल पुरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा करते. ते येण्याची वाट न पाहता मुलाला आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवता येते.