पेशीचं दार उघडणारं प्लास्टिक

आकुर्डीत विजेवर धावणारी चेतक स्कूटर तयार होते. तिच्या पोटात तांब्याच्या कितीतरी वायरी असतात आणि त्यांवर प्लास्टिकचं वेष्टण. का बरं? "प्लास्टिकमधून वीज जात नाही ना, म्हणून!" बरोबर. पण वीज वाहून नेणारं प्लास्टिकही असतं बरं का! १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या तिघांनी ते दाखवून दिलं. त्यासाठी २००० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता या प्लास्टिकची मला सर्वांत आवडणारी करामत. ते पेशीचं दार उघडतं!

पेशीत जनुकं असतात, म्हणजे प्रथिनं कशी बनवायची याच्या, डीएनएवर लिहिलेल्या सूचना. एखादी सूचना बिघडली की माणूस आजारी पडू शकतो. मग नीट सूचना आत पाठवून द्यावी की! पण पेशीभोवती चरबीसारख्या पदार्थाचा पडदा असतो. जाडी किती? मिलिमीटरचे दोन लाख भाग करा, त्यातला साधारण एक. एवढासा पडदा, पण भल्यामोठ्या डीएनएला तो आत येऊ देत नाही.

एक युक्ती आकुर्डीपासून जवळच, हिंजवडीत वापरली गेली. जेनोव्हा कंपनीने करोनाच्या लशीत जनुकाची चिठ्ठी, म्हणजे एमआरएनए, चरबीच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवून पाठवली. त्या लशीला जून २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

दुसरी युक्ती विजेची. क्षणभर झटका दिला की पडद्याला बारीक छिद्रं पडतात, डीएनए आत शिरतं आणि छिद्रं बुजतात. १९८२ मध्ये नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत अशी जनुकं घातली. पण झटका जास्त झाला तर पेशी मरते. शिवाय झटका देतात धातूच्या पट्ट्यांनी, आणि धातू पडला कडक, पेशी मऊ आणि ओली. धातूत इलेक्ट्रॉन धावतात, शरीरात मात्र सोडियम-पोटॅशियमसारखे आयन.

इथे पेडॉट नावाचं प्लास्टिक कामाला येतं. त्यातून इलेक्ट्रॉनही जातात आणि आयनही! पूर्वी ते कॅमेऱ्याच्या फिल्मवर लावत, ठिणगी उडून फोटो बिघडू नये म्हणून. त्याच्या साखळीवर धन भार असतो, डीएनएवर ऋण. म्हणून डीएनए त्याला चिकटून बसू शकतं. विजेची दिशा बदलली की पकड सैल होते, आणि झटक्याने पडदा उघडला की सुटं झालेलं डीएनए आत शिरू शकतं.

जनुक खरंच आत गेलं का, हे कसं कळणार? शास्त्रज्ञ जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक पाठवतात. दुसऱ्या दिवशी पेशींवर निळा प्रकाश टाकून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. ज्या पेशीत ते पोचलं, ती हिरवीगार उजळलेली!