आधी मीटर, मग पाना

गाडी सुरू व्हायला नकार देते तेव्हा तो नकार ऐकू येतो. किल्ली फिरवल्यावर इंजिन घुर्र... घुर्र... करत जेमतेम वळलं, तर तो एक प्रकार. टकटकटकटक असा सलग आवाज आला आणि त्याच तालावर डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, तर दुसरा. एकच दणकट ‘टक्’ आणि पुढे काहीच नाही, हा तिसरा. मोटर झुंईऽ करत मोकळी फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, हा चौथा. आपण मात्र चारही आवाजांना सरसकट ‘बॅटरी उतरली’ म्हणतो आणि दुकानातून नवी बॅटरी घेऊन येतो. यातले शेवटचे दोन आवाज बहुतेक वेळा बॅटरीचे नसतातच.

आमच्या मारुती ८०० नं हे आवाज एकामागून एक ऐकवले. कंपनीनं जानेवारी २०१४ मध्ये हे मॉडेल बनवणं थांबवलं. आमची गाडी त्याच्या बरीच आधीची. बॅटरी, स्टार्टर मोटर म्हणजे गॅरेजमधला ‘सेल्फ’, आणि चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा अल्टरनेटर, तिन्ही आम्ही घरीच बदलले. जागा सोसायटीच्या पार्किंगची आणि देखरेख बाबांची. बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. चोवीस व्होल्टच्या बसगाड्यांची वायरिंग पाहण्यात त्यांची नोकरी गेली. मी पाना घेऊन बॉनेट उघडलं की त्यांचं वाक्य ठरलेलं: “अरे, पाना ठेव खाली. आधी मीटर लाव.”

मीटर म्हणजे साधा मल्टीमीटर. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर तो १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ म्हणजे तळाला गेलेली. बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा २.१ व्होल्टचा, म्हणून हा १२.६ चा आकडा. तासन्‌तास चार्जिंग करूनही मीटर १०.५ च्या आसपासच अडकला, तर एक कप्पा मेला असं खुशाल समजावं. ती बॅटरी पुन्हा उभी राहत नाही.

पण नुसतं एवढं मोजून भागत नाही. मरणपंथाला लागलेली बॅटरीही स्वस्थ पडलेली असताना १२.५ दाखवते. तिची खरी परीक्षा ओझं पडल्यावर होते. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर पाहायचा. इंजिन फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी कमजोर. टकटकटक आवाजाचं कारणही इथंच मिळतं. सेल्फच्या डोक्यावर सोलेनॉइड नावाचं विद्युतचुंबक असतं. ते ओढलं गेलं की मोटरचा जाड संपर्क जुळतो, मोटर प्रचंड करंट मागते, कमजोर बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, सोलेनॉइडची पकड सुटते. पकड सुटताच ओझं उतरतं, व्होल्टेज सावरतो, आणि पुन्हा तेच. सेकंदात अनेकदा हे घडतं, त्याची ती टकटक.

आता ज्या जागी बहुतेकांचे पैसे वाया जातात, तिथं थोडं थांबतो. बॅटरी चांगली, सेल्फही चांगला, तरी गाडी घुर्रघुर्र करते. बाबांनी मीटरची लाल सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेवायला लावली आणि काळी त्याच खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, तेव्हा फरक शून्य यायला हवा. किल्ली फिरवली आणि मीटरनं एक व्होल्टहून जास्त दाखवला. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधल्या पांढुरक्या-हिरव्या थरातच एवढा व्होल्टेज जिरत होता. हिशेब सोपा आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर अँपियरच्या वर करंट घेतो. दीडशे धरा. वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग एवढा अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथंच जातो. घरातल्या बल्बला असा अडथळा कळणारही नाही. सेल्फला तो पुरता अडवतो. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून तो थर धुतला, खुंटी आणि क्लॅम्प पॉलिशपेपरनं चकचकीत केले, आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. बॅटरीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचं टोकही असंच घासून घेतलं. घुर्रघुर्र निम्म्यानं कमी झाली, आणि खर्च सोड्याचा. घरी काम करायला निघालेल्या प्रत्येकानं पहिला अर्धा तास या टोकांना द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

तरीही आमच्या तिन्ही वस्तू बदलाव्या लागल्या, कारण यातली एक बिघडली की उरलेल्या दोघींना घेऊन बुडते. अल्टरनेटर कमी चार्ज करू लागला की बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. अशी बॅटरी सेल्फला पुरेसा व्होल्टेज देत नाही; सेल्फ हळू आणि जास्त वेळ फिरतो, तापतो, सोलेनॉइडचे संपर्क ठिणग्यांनी जळतात. आणि भरता भरत नाही अशी बॅटरी अल्टरनेटरला सतत पूर्ण जोर लावायला लावते, त्यात त्याचे डायोड भाजून निघतात. त्यामुळे नुसता एक भाग बदलून मोकळं होणारा माणूस काही महिन्यांत पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर दिसतो.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि बसवताना ती शेवटी जोडायची. हे सगळे सांगतात, कारण फार थोडे सांगतात. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तसाच ठेवून पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा दांडा ठेवल्यासारखं होतं. पाना लाल होतो, हात भाजतो, आणि बॅटरीतून निघालेला हायड्रोजन जवळ साचलेला असेल तर स्फोट होऊन आम्ल तोंडावर उडतं. अंगठी, कडं, घड्याळ आधी उतरवून ठेवावं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

नवी बॅटरी घेताना तिच्या अंगावरचा सांकेतिक क्रमांक पाहावा. छोट्या गाड्यांच्या बॅटरीवर ३८बी२० असं काही लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे ताकदीचे, अक्षर रुंदी-उंचीचं, पुढचे दोन आकडे सेंटिमीटरमधल्या लांबीचे. शेवटी एल किंवा आर हे अक्षर येतं. खुंट्या कोणत्या बाजूला आहेत ते त्यावरून कळतं. ते उलटं आलं तर केबल पोचतच नाही, आणि ताणून पोचवणं धोक्याचं.

यापेक्षा सेल्फचं काम कितीतरी रंजक आहे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरनं बनवलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्याआधी इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारावं लागे, आणि इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडे. केटरिंगनं आधी दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्राला छोटी मोटर बसवली होती. तिथं त्याच्या ध्यानात आलं की क्षणभरच चालायची मोटर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त दामटता येते. आजचा सेल्फ त्याच तत्त्वावर चालतो. म्हणून तो एवढ्याशा जागेत एवढा जोर देतो, आणि म्हणूनच किल्ली सलग दहा सेकंदांहून जास्त धरून ठेवू नये. मध्ये त्याला निवू द्यावं.

सेल्फ इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं बसतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगडाची उटी, आणि खाली जायचं असेल तर गाडी भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही शिरू नये. बॅटरीपासून सेल्फपर्यंत येणाऱ्या जाड केबलला मध्ये फ्यूज नसतो, म्हणून बॅटरी सोडवल्याशिवाय तिथं हात घालायचा नाही. सोडवायचं फार नसतं: जाड केबलचा नट, सोलेनॉइडची एक बारीक वायर आणि दोन मोठे बोल्ट. जोर मात्र त्या दोन बोल्टांनाच लागतो. गंज उतरवणारं तेल आदल्या रात्री मारून ठेवलेलं बरं. लांब दांड्याची गोटी लावून, धक्के न देता, एकसारखा दाब दिला की बोल्ट कर्रर्र करत सुटतो.

बाहेर आलेला सेल्फ भंगारात न टाकता आम्ही उघडला. आत आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, आणि त्यावर स्प्रिंगनं दाबलेले ब्रश, ज्यांना गॅरेजमध्ये ‘कार्बन’ म्हणतात. आमचे कार्बन झिजून खुंटले होते, कम्युटेटर काळाकुट्ट पडला होता. एकच ‘टक्’ करून गप्प बसणाऱ्या सेल्फचं दुखणं बहुधा इथं असतं, नाहीतर सोलेनॉइडच्या जळक्या संपर्कात. बंद पडलेल्या सेल्फवर हातोडी मारली की गाडी सुरू होते ती याचमुळं: अडकलेला कार्बन जरा सरकतो. पण नव्या सेल्फमध्ये कायमचुंबकं असतात आणि ती ठिसूळ असतात. दोन-चार ठोक्यांत ती फुटतात, म्हणून ही सवय सोडलेली बरी.

आमच्या सेल्फचं आर्मेचर घासून टोकाचं बुशही संपलं होतं, त्यामुळं तो बदलायचं ठरलं. नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत नवाही मिळतो आणि दुरुस्त केलेलाही. कार्बन, बुश आणि बेंडिक्स घालून चांगल्या कारागिरानं भरलेला सेल्फ वर्षानुवर्षं चालतो. बेंडिक्स म्हणजे पुढचा छोटा दातेरी गिअर आणि त्याच्यातला एकाच दिशेला पकडणारा क्लच. तो घसरला की झुंईऽ असा चौथा आवाज येतो. सेल्फ दहाहून अधिक वेळा फिरतो तेव्हा इंजिन एकदा फिरतं. इंजिन चालू झाल्यावर हा क्लच सुटला नाही तर इंजिनच सेल्फला मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर फिरवेल आणि आर्मेचरच्या चिंध्या होतील.

अल्टरनेटर काढणं त्यामानानं सोपं. वरचा बोल्ट खाचेच्या पट्टीत असतो, तो ढिला केला की अल्टरनेटर इंजिनकडे झुकतो आणि पट्टा निघतो. मग जाड वायर, छोटा कपलर आणि खालचा लांब बोल्ट. बसवताना खरं कौशल्य पट्ट्याच्या ताणात लागतं. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा सेंटिमीटरच्या आत लवावा. ढिला असेल तर घसरून किंचाळतो आणि चार्जिंग पडतं; जास्त ताणला तर अल्टरनेटरचं बेअरिंग जातं, आणि बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवत असल्यानं पंपाचंही.

जुन्या काळी डायनेमो तपासायला चालू इंजिनावर बॅटरीचं टोक काढून पाहत. इंजिन चालू राहिलं तर डायनेमो चांगला. आजही काही गॅरेजांत हे करतात, आणि ते पाहून मला राग येतो. अल्टरनेटरचा व्होल्टेज सावरून धरायला बॅटरी जोडलेलीच लागते. टोक काढल्या क्षणी व्होल्टेज उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर, कधी गाडीचा ईसीयू म्हणजे संगणकसुद्धा जातो. तपासायला मीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा लावलेला, आणि बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. तेराच्या खाली म्हणजे चार्जिंग नाही. पंधराच्या वर म्हणजे रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळेल.

सगळं जोडून झाल्यावरही बाबांनी लगेच किल्ली फिरवू दिली नाही. नवी बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घेतली. “नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी ओझं वाहायला लावू नकोस,” ते म्हणाले. ते खरं आहे. अल्टरनेटर भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असतो, रिकामी बॅटरी तळापासून भरताना तो तापतो. मग किल्ली फिरवली. फिरताना मीटर साडेदहाच्या वर, चालू झाल्यावर १४.२.

अलीकडच्या गाड्यांत सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी यंत्रणा आणि बॅटरीच्या टोकावर सेन्सर असतो. त्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते आणि काहींत ती बदलल्याची नोंद संगणकानं करावी लागते. तिथं गाडीचं पुस्तक वाचल्याशिवाय हात घालू नये. जुन्या गाडीवाल्यांनी मात्र हे काम एकदा तरी स्वतः करून पाहावं.

एक काम उरतं, ते टाळू नका. जुन्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसं असतो. उघड्या भट्टीत ते वितळवलं की त्याचा धूर आणि राख आसपासच्या मुलांच्या अंगात जाते, आणि बॅटरीतलं आम्ल जमिनीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतलं शिसं पुन्हा काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जास्त पैसे देणारा भंगारवाला दारात आला तरी त्याला बॅटरी देऊ नका. नवी घेताना जुनी दुकानदाराकडेच जमा करा, आणि तिची किंमत वजा केल्याची नोंद बिलावर मागून घ्या.