तिजोरी न फोडता

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो दरोडा पडला, त्यात ना तिजोरी फुटली, ना पहारेकऱ्यावर कोणी हात उगारला. बनावट संगणकीय यंत्रणेकरवी परस्पर मंजुरी मिळवून, कार्डांच्या नकलांवर 28 देशांतील एटीएममधून पैसे उचलले गेले, काही रक्कम हाँगकाँगला वळती झाली, आणि सुमारे 94 कोटी रुपये नाहीसे झाले. 1906 साली स्थापन झालेल्या संस्थेची जर ही गत, तर पुणे-नाशिक रस्त्यावरील पेठ गावच्या एखाद्या साध्या खातेदाराने निर्धास्त का राहावे?

त्याच्याकडे चोर येतो तो शासनाच्या वेषात. ‘पीएम किसान’ अशा नावाची, शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे मिरवणारी फाईल व्हॉट्सॲपवर, बहुधा ओळखीच्याच क्रमांकावरून, येते. ती उघडताच मोबाईलमधील संदेश वाचण्याची परवानगी मागते, आणि अनुदानाच्या आशेने ती दिली, की बँकेचा ओटीपी खातेदाराच्या आधी भामट्याच्या हाती रुजू होतो. कुलमुखत्यारपत्र लिहून देताना दहादा शहानिशा करणारा माणूस येथे एका बोटाने सर्वाधिकार देऊन मोकळा होतो, हे मला विलक्षण वाटते.

भामट्यांच्या इतर सापळ्यांबाबतही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही; आणि तोतया पोलीस फोनवरून जिची धमकी देतात, त्या ‘डिजिटल अटक’ नावाची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. तरीही फसगत झालीच, तर संकोच न करता तत्काळ 1930 या क्रमांकावर फिर्याद नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वीच ती गोठवता येते.