तळेघर ते तुळशीबाग : दोघांची संध्याकाळ आखायची कशी?

‘पुण्याला जाऊन येतो’ असे घरात सांगितले की पाच मिनिटांत यादी तयार होते. आत्याचे औषध, वहिनीची बदलून आणायची साडी, कुणाचा तरी मोबाइल दुरुस्तीला. शिवाय पुतण्या चप्पल घालून दारात उभा असतो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, तळेघर आणि आसपासच्या वाड्यांत नवे लग्न झालेल्या किंवा साखरपुडा उरकलेल्या जोडप्यांना फक्त दोघांनी बाहेर पडायचे तर पहिला अडथळा हाच. शहरात ज्याला ‘डेट नाइट’ म्हणतात, त्याला इथे नाव नाही. पण त्याची गरज एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांना जास्तच असते.

दुसरा अडथळा मोठा आहे, तो म्हणजे परतीचा रस्ता. एफसी रोडवर राहणारे जोडपे रात्री अकराला कुठे जेवायचे हे ठरवते. तळेघरच्या जोडप्याला अकराला आपण कुठे असू, हे आधी ठरवावे लागते. म्हणून पुण्यातल्या पेठांत एक संध्याकाळ घालवायची असेल, तर आखणी शेवटाकडून सुरू करावी.

परतीचा विचार आधी का?

तळेघर हे घोडेगाव-भीमाशंकर रस्त्यावरचे गाव. घोडेगाव, शिनोली, डिंभे आणि मग पोखरी घाट चढून वर यायचे. थेट भीमाशंकर मार्गाच्या एसटी मोजक्या आहेत. उलट पुणे-नाशिक महामार्गावर मंचरपर्यंत येणाऱ्या गाड्यांची वर्दळ भरपूर. नारायणगाव, संगमनेर, नाशिककडे जाणाऱ्या गाड्या मंचरवरूनच जातात. त्यामुळे अनेक जण दुचाकी मंचरला किंवा घोडेगावला लावून पुढे एसटी धरतात. जाताना हे सोयीचे असते. येताना मात्र हाच टप्पा सगळ्यात धोक्याचा होतो.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आता रोजचा झाला आहे. अंधारात दुचाकीमागे बिबट्या धावल्याच्या घटना या भागाला नव्या नाहीत. घोडेगावच्या पुढे ऊस कमी होतो, पण घाट आणि वळणे सुरू होतात. पावसाळ्यात धुके इतके दाटते की पुढचे वळण दिसत नाही. रात्री साडेदहानंतर दोघांनी एका दुचाकीवर हा रस्ता कापणे हे धाडस नाही, निष्काळजीपणा आहे. एवढे एक पाळले तरी अर्धी आखणी झाली.

यातून दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे संध्याकाळ दुपारीच सुरू करायची आणि साडेसातपर्यंत पुणे सोडायचे. नाहीतर रात्री तिकडेच मुक्काम. अधेमधे काही नाही.

शिवाजीनगरपर्यंत बसून राहायचे का?

नको. ही गोष्ट गावाकडे अजून फारशी रुळलेली नाही, म्हणून नीट सांगायला हवी. शिवाजीनगरचे एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले. तिथून पेठेत जायला पुन्हा रिक्षा किंवा पीएमपी. शिवाय नाशिक फाट्यापासून पुढे शहराची वाहतूक लागते ती वेगळीच.

त्याऐवजी नाशिक फाट्याला उतरावे. तिथले मेट्रो स्थानक पिंपरी ते स्वारगेट या मार्गावर आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि तेव्हापासून नाशिक फाट्यावरून गाडी न बदलता थेट कसबा पेठ किंवा मंडईला उतरता येते. भाडे १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान. ज्या पेठांत दुचाकी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो, तिथे आता सरकत्या जिन्याने बाहेर पडले की समोर मंडईची गर्दी असते.

एसटीतही थोडी बचत होते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व एसटी बसमध्ये निम्मे तिकीट आहे, म्हणजे दोघांचा खर्च दीड तिकिटाचा. वाचलेल्या पैशांत निदान एक मस्तानी येते.

चाकणच्या चौकांचा मात्र भरवसा धरू नये. शिफ्ट सुटण्याच्या वेळी तिथे गाडी किती थांबेल, हे चालकही सांगू शकत नाही. मंचर ते नाशिक फाटा या टप्प्याला नेहमीपेक्षा तासभर जास्त धरावा. जातानाही आणि येतानाही.

पेठेतच का? मॉल का नको?

मॉलमध्ये एसी असतो, स्वच्छतागृह असते, कुणी ओळखीचे भेटत नाही. हे सगळे खरे. पण तिथे खर्च केल्याशिवाय फार वेळ काढता येत नाही आणि खर्च थांबला की करमणूकही थांबते. पेठेत फुकट बघण्यासारखे इतके आहे की खिशात फार नसले तरी संध्याकाळ भरते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. सगळे चालत होते. साधारण तीन किलोमीटरचा फेरा, मध्ये कुठेही थांबा, कुठूनही मागे फिरा, मेट्रो कधीच फार लांब नसते. वेळेचे बंधन असलेल्यांना याहून सोयीचा भाग शहरात नाही.

फेरा मंडईपासून सुरू करावा. दगडी, मनोऱ्याची ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली, तेव्हा तिचे नाव गव्हर्नरच्या नावावरून ‘रे मार्केट’ होते. पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य असताना जोतीराव फुले यांनी या बाजारावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. आज मंडईला नाव आहे ते महात्मा फुल्यांचेच. भाजी विकायला मंचरच्या बाजारात जाणाऱ्या घरातल्या दोघांना इथले गाळे बघायला वेगळीच मजा येते. आपल्याकडच्या भावाशी तुलना करत अर्धा तास सहज निघतो.

शेजारीच तुळशीबाग. १८ व्या शतकातल्या राममंदिराभोवती भरलेला हा बाजार. बांगड्या, कानातले, पितळी भांडी, भातुकली. इथे एक सूचना नवरोबांसाठी : ‘लवकर आटप’ हे दोन शब्द घरीच ठेवून यावे. घरच्यांची यादी असेल तर तीही इथेच, अगदी सुरुवातीला उरकावी. औषधाची पिशवी डोक्यात घेऊन फिरण्यात मन लागत नाही.

तिथून बाजीराव रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा दिसतो. त्याची लाकडी कोरीव दर्शनी बाजू रस्त्यावरूनही बघता येते. पुढे सदाशिव पेठेत निंबाळकर तालीम चौकात ‘सुजाता’ची मस्तानी. दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. आंब्याच्या दिवसांत आंब्याचीच घ्यावी. एक मागवून दोन चमचे घेतले तरी कुणी काही म्हणत नाही, आणि खरे तर एकच पुरते.

मग उलटे फिरून अप्पा बळवंत चौक. पुस्तकांच्या दुकानांची ही रांग स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने अनेकांनी पाहिलेली असते, पण कधी निवांत नाही. पुढे शनिवारवाडा. पायाभरणी १७३० ची, आतले महाल १८२८ च्या आगीत गेले. संध्याकाळी आत प्रवेश मिळत नाही, पण दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणात बसायला कुणाची आडकाठी नसते. भेळ, फुगेवाले, मुलांची पळापळ, आणि या सगळ्या गोंगाटात दोघांपुरता कोपरा. गावात पारावर असे बसता येत नाही. इथे कुणी बघत नाही, कारण कुणाला वेळच नाही.

परतताना शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीवरून यावे. दिव्यांनी उजळलेले मंदिर रस्त्यावरूनही दिसते. रांग मोठी असेल तर तिथूनच हात जोडावे. जेवायचे असेल तर लक्ष्मी रस्त्यावर सिटी पोस्टाजवळ ‘पूना गेस्ट हाउस’ आहे. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेले हे मराठी जेवणाचे ठिकाण. पांढरे टेबलक्लॉथ आणि इंग्रजी मेन्यूकार्डाचे दडपण इथे येत नाही. तिथून मंडई स्थानक चालत काही मिनिटांवर.

नाटक बघता येईल का?

येईल, पण प्रयोगाची वेळ बघून. पुण्यात प्रयोग साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा वेळांना लागतात. रात्रीचा प्रयोग मुक्काम असेल तरच. साडेपाचचा धरला तर पेठेतला फेरा होत नाही. दिवसाभराचा वेळ काढून साडेबाराचा प्रयोग आणि मग चारनंतर मंडई, हे सगळ्यात चांगले जमते. फक्त घरून भल्या पहाटे निघावे लागते.

कुणी हटकले तर?

ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण असते; विशेषतः लग्न अजून व्हायचे असेल तेव्हा. दोघेही १८ वर्षे पूर्ण केलेले असतील तर सार्वजनिक जागी एकत्र बसणे, फिरणे, हातात हात घेणे हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्यासाठी आहे, सोबत बसण्यासाठी नाही. वाटेतल्या कुणा उपटसुंभाला ओळखपत्र मागण्याचा किंवा व्हिडिओ काढून धमकावण्याचा अधिकार नाही. पैसे मागितले तर देऊ नयेत, वाद घालत बसू नये, उजेडात आणि गर्दीत सरकावे आणि ११२ वर फोन करावा. पोलिसांनी विचारले तर शांतपणे नाव सांगावे. दंड म्हणाले तर पावती मागावी. अपवादात्मक परिस्थिती सोडली, तर सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही, हेही माहीत असावे.

मुक्कामाचे ठरवले असेल तर दोघांचीही मूळ ओळखपत्रे जवळ हवीत. अविवाहित सज्ञान जोडप्याला खोली देण्यास मनाई करणारा कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही काही लॉज आपल्या नियमावर अडून बसतात. रात्री दहाला दारात जाऊन हुज्जत घालण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर सरळ विचारून घ्यावे. भोसरी-चाकणला नातेवाइकांकडे राहणे स्वस्त पडते, पण मग ती संध्याकाळ दोघांची राहत नाही, पाहुणचाराची होते.

दिवस कोणता निवडायचा?

श्रावणातले शनिवार, रविवार आणि सोमवार, तसेच महाशिवरात्र टाळावी. भीमाशंकरच्या भाविकांच्या गाड्यांनी तळेघरचा रस्ताच भरलेला असतो. गणेशोत्सवात पेठा बघण्यासारख्या असतात, पण मध्य भागातले अनेक रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद होतात आणि गर्दीत हात सुटला तर फोनही लागत नाही. लावणीच्या दिवसांत घरून सुट्टी मिळणार नाही, हे सांगायला नको. भातकापणी, झोडणी उरकली आहे आणि हिरडा अजून सुरू व्हायचा आहे, असे थंडीतले आठवडे सर्वांत चांगले. अंधार लवकर पडतो तेवढा हिशेब धरावा.

निघण्याआधी मंचरच्या एसटी स्थानकावर चौकशी खिडकीत रात्रीच्या गाड्यांच्या वेळा विचारून फोनमध्ये लिहून ठेवाव्यात. इंटरनेटवरच्या वेळापत्रकावर विसंबू नये. मेट्रो रात्री उशिरापर्यंत असली तरी आपली घाई मेट्रोची नाही, नाशिक फाट्यावरच्या एसटीची आहे. मंडईतून सातच्या सुमारास निघाले, तर गाडीत बसायला जागाही मिळू शकते आणि मंचरला लावलेल्या दुचाकीवर घाट वेळेत चढता येतो. पुतण्यासाठी तुळशीबागेतला भोवरा घ्यायला विसरू नये. पुढच्या वेळी तो दारात आडवा येणार नाही, याची खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही.